काठी गेली तर रामराम

सुदामअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोबरेल तेलाची बाटली हातात घेऊन गच्चीत उभा होतो. जानेवारीतली सकाळ, तेल बाटलीत पांढरंफेक गोठलेलं, आणि ते उन्हात ठेवायला बायकोनं मला वर पिटाळलेलं. फोनवर अण्णांची मुलगी होती, सुनंदा. "सर, अण्णा..." एवढंच म्हणाली. मी "हो हो, निघालोच" असं काहीतरी पुटपुटलो आणि बाटली कठड्यावर ठेवून तिच्याकडेच बघत राहिलो. तेल कडेकडेनं सुटायला लागलं होतं. अण्णा नऊ दिवस दवाखान्यात होते. त्या नऊ दिवसांत त्यांना एक गोष्ट सांगायची म्हणून मी रोज जात होतो आणि रोज न सांगता घरी येत होतो. आता ज्याला सांगायची तो माणूसच उरला नव्हता.

अण्णा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. मूळ घर मोहोळकडचं, शेतकऱ्याचं. चाळीस वर्षं शहरात काढूनही बोलणं गावाकडचंच राहिलं. मी शुक्रवार पेठेतला, शाळेत विज्ञान शिकवणारा, घरात अंडंसुद्धा न आणणारा. आमची गाठ पडली ती पालकसभेत. सुनंदा सातवीत माझ्या वर्गात होती. अण्णा पाळी संपवून तसेच आलेले, केसांवर, भुवयांवर कापसाचा भुरका. मी मुलीच्या गुणांबद्दल बोलत होतो, ते त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, त्ये ऱ्हाऊ द्या. थंडीत मासा गळाला का लागत न्हाय, त्ये सांगा की." मला हुरूप आला. मी फळ्यावर तळं काढलं, चार अंशाला पाण्याची घनता किती, जड पाणी तळाला कसं जातं, सगळं सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् आपल्या हिप्परग्याच्या तळ्याला चार डिग्री कवा हुती?" बाकीचे पालक खो खो हसले. मीही हसलो, पण कान गरम झाले होते. "रविवारी या," जाताना म्हणाले, "दावतो."

मी गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येणार नाही. पण पुढची दहा-अकरा वर्षं, थंडीतला एकही रविवार सहसा चुकला नाही. मी मासा घरी आणत नाही म्हणून बायकोनं कधी आडकाठी केली नाही; "पाप तुमच्या मित्राला, थंडी तुम्हाला," एवढंच म्हणायची. माझ्याकडे काम कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून गळाचं आमिष करण्याचं. ते मला छान जमायचं. कटला, रोहू लागला की अण्णा तो खाली धरून मला दाखवायचे, मी लांबूनच नमस्कार केल्यासारखी मान हलवायचो, आणि मग ते हसायचे.

थंडीतल्या तळ्याला अण्णा उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त भ्यायचे. "थंडीत मासा आळशी हुतो मास्तर, आन् माणूस बावळट," असं त्यांचं म्हणणं. हातापायाला बधिरता आली की माणसाला आपलं पाऊल कुठं पडतंय ते कळत नाही, आणि कळत नाही हेही कळत नाही. म्हणून दंव वाळेपर्यंत काठच्या शेवाळलेल्या दगडांवर पाय ठेवायचा नाही. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत ठेवायचा. ओला स्वेटर अंगावर ठेवायचा नाही, लाज न बाळगता काढून टाकायचा. सामानाचीही तशीच बडदास्त. काठी ओल्या मातीवर ठेवायची नाही, तिला अंथरायला एक जुनी सोलापुरी चादर असायची. तंगूस, म्हणजे नायलॉनचा तो बारीक दोरा, टॉवेलात धरून पुसत पुसतच गुंडाळायचा. गळ तेलाच्या फडक्यात. आणि घरी गेल्यावर रीळ उघडून, कोरडं करून, त्यात दोन थेंब मागाचं तेल. ते तेल डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरलेलं असायचं आणि बाटली कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मागाला घालतात तेच तेल रिळाला, दुसरं चालत नाही, हे मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

आणि ती दोरी! मागावर टॉवेलच्या कडेनं कापून निघणाऱ्या पट्ट्या अण्णांच्या बायकोनं, कमलवहिनींनी, वेणीसारख्या विणून तिची दोरी केली होती. एक टोक काठावरच्या बाभळीला, दुसरं कमरेला. त्यांनी स्वतःला बांधून घ्यावं, माझी ना नव्हती, पण माझ्यासाठीही एक केली. "अण्णा, मी काय गाय आहे का?" असं मी पहिल्या दिवशीच म्हणालो. ते गाठ मारता मारता म्हणाले, "गाय आयकती तरी." वर आणखी एक नेम होता, आणि तो दर रविवारी गळ टाकायच्या आधी एकदा म्हणून दाखवायचे. मोठा मासा ओढ देतो, काठी खुंटीवरून उडून पाण्यात जाते. गेली तर जाऊ द्यायची. "काठी गेली तर रामराम घालायचा. मागं जायचं न्हाय. काठी दुकानात मिळती. तुमी कंच्या दुकानात मिळणार?"

यंदाच्या दिवाळीआधी सुनंदानं पुण्याहून त्यांना एक नवं रीळ आणलं. पहिल्या पगाराचं. अण्णांना त्याचं किती कौतुक... कारखान्यातल्या निम्म्या लोकांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं असेल. दिवाळीला ते मुलीकडं पुण्याला गेले आणि जाताना रीळ माझ्याकडं दिलं. "तेवढं पुसून, तेल घालून ठिवा मास्तर. बाटली पिशवीत हाय." बाटली पिशवीत होतीही. पण दिवाळीचे दिवस, घरात फराळ, आणि त्या काळ्या तेलाचा वास बायकोला सोसेना. शेजारी अभ्यंगाच्या वाटीत खोबरेल तेल उरलेलं होतं, स्वच्छ, पातळ, पाण्यासारखं. मी तेच घातलं. चांगलं सढळ हातानं घातलं. सुवासिक रीळ परत करताना स्वतःवर खूशही होतो. मी तीस वर्षं सातवीच्या वर्गात 'पदार्थाच्या अवस्था' हा धडा शिकवला आहे. दर हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली वर्गात नेऊन मुलांना विचारायचो, हे काल पातळ होतं, आज घट्ट का? उत्तर न देणाऱ्याला उभं करायचो.

डिसेंबरातला तो रविवार चांगलाच गारठ्याचा होता. पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. अण्णांचा खोकला दिवाळीपासून चालूच होता, त्यामुळं नवं रीळ लावलेली काठी दिवाळीनंतर पहिल्यांदाच बाहेर निघाली होती; ती त्यांनी माझ्या ताब्यात दिली आणि स्वतः बाभळीखाली चहा ओतत बसले. मी कमरेची दोरी मघाशीच सोडून ठेवली होती. आमिष मळताना मध्ये येत होती. तेवढ्यात ओढ बसली. मोठी. मी काठीला हात घातला, रीळ सोडायला गेलो, तर ते जागचं हलेना. दोरा सुटेना, काठी वाकत चालली. मी खाली बघितलं आणि रिळाच्या मुठीभोवती पांढरं काहीतरी दाटून आलेलं दिसलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि त्याच क्षणी काठी हातातून गेली. वीस-पंचवीस फुटांवर ती एकदा वर आली. मागून अण्णांची हाक आली, "रामराम घाला मास्तर! जाऊ द्या!" मी ऐकलं. ऐकूनही पाण्यात उतरलो. मुलीच्या पहिल्या पगाराचं रीळ माझ्या मूर्खपणानं गेलं, ही लाज मला काठावर उभं राहू देईना, दुसरं काही कारण नव्हतं.

दहा पावलांवर पाय गाळात गेले. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, आणि पाणी छातीला लागलं. पाय काढावा तर दुसरा आत जातो. थंडीनं तोंडातून आवाज निघेना. अण्णांनी माझी दोरी माझ्या दिशेनं दोनदा फेकली, मला ती धरता आली नाही, बोटं मिटतच नव्हती. मग ते स्वतःची दोरी कमरेला बांधून आत आले. सहासष्ट वर्षांचा, खोकणारा माणूस. माझ्या काखेतून हात घालून मला सोडवायला त्यांना किती वेळ लागला ते सांगता येत नाही... मला फक्त त्यांचा कानाशी चाललेला श्वास आठवतो. बाहेर आल्यावर कोरड्या कपड्यांचा एकच जोड निघाला, कारण माझी पिशवी मी त्या दिवशी आणलीच नव्हती. ते कपडे त्यांनी मला घालायला लावले. स्वतः चादर गुंडाळून माझ्या मागं गाडीवर बसले.

घरी कमलवहिनींनी दार उघडलं आणि त्या घाबरल्या. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "काय न्हाय. शेवाळावरनं पाय सरला माजा. मास्तर हुते म्हणून भाईर आलो." मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. वहिनींनी माझ्यापुढं हात जोडले. "भावजी, तुमी हुता म्हणून... न्हायतर काय झालं असतं वो." आणि मी, तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगणारा, चहा पिऊन घरी गेलो.

चौथ्या दिवशी टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या एका ओळखीच्या कोळ्याला काठी झुडपात अडकलेली सापडली, ती त्यानं अण्णांच्या घरी पोचवली. अण्णा तेव्हा तापानं अंथरुणात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, कापसाच्या भुरक्यानं फुप्फुसं आधीच दमलेली होती, एवढं काही गार पाण्यावर ढकलू नका. पण ते फुप्फुसांबद्दल बोलत होते, आणि मला माझ्याबद्दल विचारायचं होतं. एका दुपारी अण्णा तोंडावरचा मास्क सरकवून म्हणाले, "रीळ घावलं मास्तर." आणि हसले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी "बरं झालं" म्हणालो आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं. पुढं दहाव्याला त्यांचे मोहोळचे चुलतभाऊ माझ्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना सांगत होते, "ह्या मास्तरनं सवताचा जीव धोक्यात घातला हुता." वहिनी तिथंच बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मला वाटलं, दुःखात आहेत.

महिनाभर मी रात्री नीट झोपलो नाही, की जेवलो नाही. शेवटी एका सकाळी गेलो आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं. तेल सांगितलं, सोडलेली दोरी सांगितली, हाक ऐकून उतरलो ते सांगितलं, कोरडे कपडे सांगितले. म्हणालो, "वहिनी, पाय त्यांचा घसरला नाही. मी आत गेलो म्हणून ते आले." मला रडू आवरेना. वहिनी आत गेल्या. मला वाटलं आता दार लागणार. त्या बाहेर आल्या त्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "काठी घावली त्या दिशी त्यांनी रीळ उगडलं की. वास घेतला न् हसाया लागले. हसून हसून खोकला आला. म्हणले, मास्तरनं रिळाला डोस्क्याचं तेल घातलंय गं. मग समदं सांगितलं मला. म्हणले, तू काय इचारू नगंस. मास्तर सवताहून येऊन सांगंल. सांगितलं की ह्ये द्यायचं." टॉवेलात ते रीळ होतं, पुसून लख्ख केलेलं, आणि डोळ्यांच्या औषधाची ती बाटली, तेलानं काठोकाठ भरलेली. मी विचारलं, "आणि मी आलोच नसतो तर?" वहिनी पहिल्यांदा थोडं हसल्या. "मीबी त्येच इचारलं. म्हणले, यील. इज्ञानाचा मास्तर हाय, जरा टायम लागंल."

हे सगळं वहिनींना विचारूनच लिहितो आहे. "लिवा की," म्हणाल्या, "दोरीचंबी लिवा."

गेल्या रविवारी मी एकटाच तळ्यावर गेलो. चादर अंथरली, कोरड्या कपड्यांची पिशवी डिकीत आहे ना, हे दोनदा बघितलं. रिळाला घरीच दोन थेंब घातले होते; बायकोनं वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. मासा लागला नाही, आणि लागावा अशी इच्छाही नव्हती. ऊन वर आल्यावर तो ट्यूबवरचा कोळी जाळं ओढत माझ्या समोरून गेला. त्यानं माझ्या कमरेकडं बघितलं, मग बाभळीकडं, आणि हसत ओरडला, "काय मास्तर, गाईगत बांधून घेतलंया की!"

"व्हय," मी म्हणालो, "आमच्यात तशीच पद्धत हाय." आणि गाठ एकदा ओढून बघितली.