खाणीच्या उतारासाठी टायर

मुलुंडच्या पश्चिमेला इमारती संपतात आणि डोंगराचा पायथा सुरू होतो, तिथे एक बंद पडलेली दगडखाण आहे. खडीचे ट्रक जायचे तो रस्ता ट्रकांनी सोडला आणि घाणेरीच्या काटेरी झुडपांनी बळकावला. उन्हाळ्यात तिथे पांढरी भुकटी उडते. श्रावणात ती भुकटी तांबड्या मातीत कालवली जाते आणि तिंबलेल्या कणकेसारखी होते. पाय ठेवला की चपलेसकट धरून ठेवते. मधूनमधून काळा कातळ पाठ वर काढतो, त्यावर शेवाळ. ही माती आणि हा कातळ, दोघांचा स्वभाव वेगळा. एक धरते, दुसरा सोडतो.

संघमित्रा गेल्या पावसाळ्यात तिथेच पडली आणि उजवं मनगट मोडून बसली.

ती एका सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. मनगट मोडलं तेव्हा तिला सुई धरता येईना, म्हणून पावसाळा सरेपर्यंत तिने टेबलाशी बसून नळ्यांवर नावं चिकटवली, तीही डाव्या हाताने. सायकल तिने चाळिशी ओलांडल्यावर घेतली होती, डोंगरात चालवायची, जाड चाकांची. नातेवाईक म्हणाले, "ह्या वयात?" ती म्हणाली, "ह्याच वयात. आधी वेळ कुठे होता?"

रविवारी सकाळी सायकलवाल्यांची एक टोळी खाणीवर जाते. तिचा पुढारी हर्षद. मनाने चांगला, छातीने रुंद, बोलायला मोकळा. संघमित्रा पडली तेव्हा त्यानेच तिला रिक्षात घालून नेलं होतं. पण हात बरा होऊन ती पुन्हा आली, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ताई, कोरडं असेल तेव्हा या आमच्याबरोबर. ओलं असलं की तुम्ही डांबरी रस्त्याने खाली उतरायचं. आम्ही खाली भेटू."

"का?"

"ताकद लागते ना त्या उताराला. मला परत रिक्षा शोधायची नाहीये."

सगळे हसले. हसण्यात विष नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.  तिने मनात पक्कं केलं की पुढच्या श्रावणात हाच उतार, सायकलवर बसूनच.

पडली तेव्हा ती बराच वेळ चिखलात बसून होती, आणि समोर तिचीच सायकल आडवी पडलेली होती. तेव्हा तिने चाक पाहिलं होतं. टोळीत सगळे घेतात तोच टायर तिनेही घेतला होता, सगळ्यात रुंद, बारीक दातांनी गच्च भरलेला. हर्षदचं म्हणणं असं की जितका रुंद तितकी पकड. पण त्या दिवशी दात दिसतच नव्हते. खाणीची कणीक त्यांच्यात बसून चाक मडक्यासारखं गुळगुळीत झालं होतं. शिवाय रुंद टायर आणि सायकलचा सांगाडा यांच्यात जागा उरली नव्हती, तिथे माती अडकून चाक फिरायचंच थांबलं होतं. ताकदीचा त्यात काय संबंध, हे तिला कळेना.

पुढच्या आषाढात ती खाणीवर एकटी गेली आणि बादलीभर माती घेऊन आली. ती बादली घेऊन ती लवूच्या दुकानात शिरली.

लवू मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सायकलींचं दुकान स्टेशनपासून आत, गल्लीत. त्याने आधी बादलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, ह्या काय? गणपती घडवूचो हा?"

"तुझ्याकडचे सगळे डोंगराचे टायर काढ. एकेक करून दाबून बघते."

"ह्या मातयेत? नवे टायर?"

"धुऊन देईन."

कुरकुरत त्याने काढले. ती टायर मातीत दाबायची, पिळवटून वर उचलायची आणि झटकायची. गच्च दातांचे टायर माती पोटाशी धरून बसायचे. ज्यांचे दात उंच आणि एकमेकांपासून लांब, त्यांतून मातीचे गोळे सुटून फरशीवर पडायचे. मग ती रबरात नख रोवायची आणि खूण किती वेळ राहते ते बघायची. कातळावर मऊ रबर टिकतं, कडक रबर निसटतं.

"तुमी टायर घेतास की रगात तपासतास?" लवू म्हणाला.

"दोन्हीला घाई चालत नाही."

शेवटी ज्या टायरच्या दातांत माती अजिबात राहिली नाही तो इतरांहून अरुंद होता. परदेशी माल, वेष्टणावर ओल्या हिवाळ्यासाठी असं छापलेलं. लवू हसला. "हिवाळ्यात खंयचो चिखल?"

"त्यांच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. चिखल आपल्यासारखाच असणार."

"पण हो बारीक आसा. हर्षदभाय हसतीत."

"हसू दे. त्याला वर वर तरंगायचंय. मला चिखल कापून खालच्या टणक जमिनीला लागायचंय." पुढच्या चाकाला तिने मऊ रबराचा घेतला. मागचं चाक लवकर झिजतं, म्हणून त्याला त्याच जातीचा जरा कडक. लवूची फरशी तिने स्वतः धुतली.

श्रावणातला एक रविवार उजाडला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. हर्षदने तिचे टायर पाहिले आणि म्हणाला, "हे काय ताई, रोड सायकलचे लावले की काय? डांबरी रस्त्यासाठी झकास आहेत."

"आज मी तुमच्याबरोबर उतरणार आहे."

"बघा बुवा."

चढ ती चढून गेली. पण वरच्या सपाटीवर, कातळाच्या पहिल्याच तुकड्यावर, पुढचं चाक चेंडूसारखं उडालं आणि बाजूला निसटलं. ती कशीबशी पायावर सावरली.

"म्हटलं नव्हतं?" हर्षद मागून म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. एवढं निवडून, दाबून, नख रोवून आणलेलं हे चाक आणि पहिल्या कातळावर ही गत. मग तिने अंगठा लावून बघितलं. चाक दगड होतं. चाक कातळावर पसरून बसावं म्हणून काल संध्याकाळी तिने स्वतः हवा बेताची ठेवली होती. आणि तिला आठवलं की सकाळी ती चहा घेत होती तेव्हा आबा दाराबाहेर सायकलपाशी उकिडवे बसले होते.

आबा म्हणजे तिचे वडील, अंबादास. परभणीकडून आलेले. उभा जन्म त्यांनी भांडुपच्या टेकड्यांवर सायकलवरून गॅसच्या टाक्या पोचवल्या. दोन्ही बाजूंना टाक्या टांगून चढ चढायचा, तर चाकात हवा ठासून भरलेली हवी. अंगठा आत गेला तर ते चाक त्यांच्या लेखी मेलेलं. लेकीची सायकल मऊ लागली आणि त्यांनी पंप काढला. न विचारता, न सांगता. लेक डोंगरावर जाते हे त्यांना पसंत आहे की नाही, हे ते कधी बोलले नाहीत. पंप मारला, एवढंच.

तिला राग आला नाही. तिने सायकल दगडाला टेकवली, नळीचं टोपण काढलं आणि हवा सोडायला लागली.

"अहो ताई, काय करताय? हवा सोडताय?" टोळीतला कुणीतरी म्हणाला.

"हो."

"वाट लागेल. दगडावर ट्यूब फाटेल."

"फार सोडली तर फाटेल. मी बेताने सोडतेय."

ती सोडायची, दाबायची, पुन्हा सोडायची. चाक जमिनीला टेकून जरासं पसरलं तेव्हा थांबली. आबांना तिने हे अजून सांगितलेलं नाही. ते दर रविवारी हवा ठासतात आणि ती गल्लीच्या वळणापलीकडे थांबून सोडते. दोघांचं त्यात बरं चाललंय.

मग ती उताराच्या तोंडाशी उभी राहिली. खाली मुलुंडच्या छपरांवर धूर होता की ढग, कळत नव्हतं. हर्षद म्हणाला, "ताई, अजून सांगतो. डांबरी रस्ता आहे."

तिने पाय पेडलवर ठेवला.

माती लागली. चाक आत रुतलं, पण अडकलं नाही. गोळे सुटून तिच्या पोटऱ्यांवर, चष्म्यावर येऊन आदळले, आणि प्रत्येक गोळ्याबरोबर तिला कळत गेलं की दात मोकळे आहेत. कातळ आला. मऊ चाक त्याच्या पाठीवर बसून पलीकडे गेलं. वळणावर मागचं चाक सरकलं, तसं तिने सरकू दिलं. ब्रेकला हात लावला नाही. गेल्या वर्षी जिथे पडली होती ती जागा कधी मागे गेली, हे तिला खाली सपाटीवर आल्यावर लक्षात आलं.

हर्षदही उतरला, पाय टेकत, चाकातला चिखल काडीने उकरत. धापा टाकत म्हणाला, "नशीब चांगलं तुमचं आज."

तिने चष्मा पदरावर पुसावा तसा टी-शर्टच्या टोकाला पुसला. आणि सायकल वळवली.

"आता कुठे?"

"वर. एकदा उतरले ते नशीब म्हणतोस, तर परत उतरते. काय म्हणायचं ते तोवर ठरवून ठेव."

"ताई, नाश्ता थंड होईल यार."

"तुम्ही खा."

ढकलत, घसरत ती वर गेली. आणि या खेपेला पडली. खालच्या वळणावर मान वळवून ती टोळीकडे बघायला गेली आणि सायकलसकट घाणेरीत शिरली. सगळे धावले. ती उठून बसली होती. मनगट फिरवून बघितलं. शाबूत होतं. चाक फिरवून बघितलं, तेही फिरत होतं.

हर्षद काही बोलायच्या आत ती म्हणाली, "टायर नाही घसरला. मी तुमची तोंडं बघायला गेले. ती चूक माझी."

"पण पडलात ना?"

"पडले. पुढच्या रविवारीही पडेन कदाचित. डांबरी रस्त्याने मात्र मी येणार नाही, हर्षद. त्या रस्त्याचं नाव माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस."

हर्षदने मान हलवली, होकाराची की हार मानल्याची, कोण जाणे. त्याने तिला उठायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. सायकलच्या दांड्याला धरून ती उभी राहिली, केसांतले घाणेरीचे काटे काढले, आणि उरलेला उतार सायकलवर बसून उतरली.