चोरीच्या गाडीचं चार्जिंग

ती घटना आठवली की मला आजही स्वतःचाच कंटाळा येतो. खून नाही, दरोडा नाही, विजेवर चालणाऱ्या एका गाडीची चोरी. तेव्हा मी कोळसा पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती तोंडावर आली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते.

फिर्यादी खाणीतला जुना कर्मचारी. क्वार्टरसमोर लावलेली गाडी सकाळी उठून पाहतो तर नाही, असं त्याचं म्हणणं. मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसत नाही का, असं विचारलं, तर त्या सोयीचे पैसे भरले नव्हते म्हणाला. ज्याचं काही चोरीला जातं तो आधी त्या वस्तूबद्दल बोलतो. ओरखडा कुठे होता, आत काय राहिलं. या माणसाने आधी विम्याची पॉलिसी टेबलावर ठेवली. मला ते खटकलं होतं. खटकूनही मी पुढे गेलो, हे इथे कबूल करतो.

ठाण्यात तपासापेक्षा गाडीच्या खर्चावरच चर्चा जास्त. हवालदार म्हणाला, "सायेब, पेट्रोल वाचलं म्हणते, पन पगार कुठी वाचला? सारा हप्त्यात चालला." दुसऱ्याचं मत, सेकंडहँड डिझेल घ्यावी अन् बिनघोर राहावं. तिसरा मोबाईलवर पैशाचे सल्ले ऐकणारा. तो म्हणे, गाडी घ्यायचीच नाही, तेच पैसे दर महिन्याला फंडात टाकायचे. त्याची स्वतःची मोटारसायकल हप्त्यावर होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! फिर्यादीनेही असंच दहा जणांचं ऐकून गाडी घेतली होती.

मग दोन-तीन आठवड्यांनी खबर आली. ज्या इलेक्ट्रिशियनने त्याच्या घरी चार्जिंगचा पॉईंट बसवला, तो चोरीच्या दोन दिवस आधी गाडीभोवती फिरताना दिसला होता. हा पन्नाशीचा माणूस. वस्तीतल्या बुद्धविहाराची वायरिंग त्याने एक पैसा न घेता केली होती. नवरा शिफ्टला, घरी बाई एकटी, तरी लोक त्याला निर्धास्त घरात घेत. त्या भरवशावरच त्याची चूल पेटत होती. मी भर सकाळी त्याच्या दारात जीप उभी केली. सारी गल्ली बाहेर आली.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्याला ठाण्यात बसवून ठेवलं.

"गाडीभोवती काय करत होतास?"

"सायेब, पिन तापते म्हणून बाईनं बलावलं होतं. अर्थिंग पाहून राह्यलो होतो."

"मग गाडी कुठे गेली?"

"मले काय मालूम? पन ज्यानं नेली त्याले चार्ज तं कराच लागन. साध्या बोर्डावर नाई जमत. याच गाडीवाल्या सायबानं मागच्या महिन्यात मले मूल गावाकडं नेलं होतं. त्याच्या भावाच्या राईस मिलमंदी असाच पॉईंट बसवून घेतला. तिथी पाहा ना."

मी हसलो. चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून त्याचं बोलणं डायरीतसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी त्याने तेच सांगितलं, त्याच शब्दांत, फक्त आवाज खाली गेला होता. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी जोडतो. याने काही जोडलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंच घेऊन मिलवर गेलो. हंगाम संपलेला, मिल बंद. चौकीदार म्हणाला, "मालकाचे भाऊ येतात रविवारी. गाडीले करंट लावतात अन् जातात." आत कोंड्याच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली गाडी उभी होती. वायर लावलेली, चार्जिंगचा दिवा सुरू.

फिर्यादीला समोर बसवलं. तो फार वेळ टिकला नाही. हप्ता झेपेना, विकायला काढली तर कोणी निम्मी किंमत देईना, म्हणून चोरी दाखवून विम्याचे पैसे घ्यायचे ठरवलं. मी विचारलं, "चोरीला गेली म्हणून लिहून दिलंत, मग चार्ज का करत होतात?"

तो म्हणाला, "सायेब, शून्यावर ठेवली तं बॅटरी खराब होते. एवढी महागाची वस्तू."

पुढे त्या गाडीचं काय करणार होता, ते त्यालाच माहीत नव्हतं. एवढी महागाची वस्तू जपणाऱ्याने, माझ्या कोठडीच्या दाराशी बसलेला माणूस आपल्यामुळे बसलाय, याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला संताप आला. पण त्याला बसवलं कोणी होतं? मीच.

इलेक्ट्रिशियनला "जा, तुझं नाव वगळलं यातून" असं सांगून सोडलं. तेवढ्यावर माझं कर्तव्य संपलं असं मला वाटलं. फिर्यादीवर गुन्हा दाखल झाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात इलेक्ट्रिशियन निर्दोष होता हे कुठेच नव्हतं. या प्रकरणाने मला शिकवलं ते हेच: पोलीस दारात आल्याचं साऱ्या गावाला दिसतं, सोडल्याचं फक्त ठाण्याला माहीत असतं. उरलेल्या नोकरीत मी कोणाच्या दारात भर सकाळी जीप नेली नाही. त्याचा त्या माणसाला काय उपयोग?

निवृत्तीनंतर घराच्या वायरिंगला मी मुद्दाम त्यालाच बोलावलं. "भाऊ" म्हणून चहा दिला. घरांची कामं आता कमी झाली, सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे जातो म्हणाला. काम नेहमीसारखं चोख केलं. निघताना दाराशी थांबला आणि हत्यारांची पिशवी माझ्यासमोर उघडून धरली.

"पाहून घ्या सायेब. आता कोनाच्याबी घरून निंगताना दाखवतो."

मी नको, नको म्हटलं. तो पिशवी तशीच धरून उभा राहिला. शेवटी मला आत पाहावं लागलं.