तारीख आतल्या बाजूला

टायरच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळे अंगठेबहाद्दर म्हणत. लिहिता-वाचता त्याला चांगलं येत होतं. पण गाडी दारात आली की तो आधी टायरवर अंगठा दाबायचा आणि मगच तोंड उघडायचा. तीस वर्षांत तो अंगठा फारसा चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला गर्व होता. थोडाथोडका नव्हे, टोपलीभर.

त्या सकाळी लेक आली ती मागे ट्रेलर जोडूनच. ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक खोलीच: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत. आठच दिवसांपूर्वी तिने तो कुणाकडून तरी वापरलेला घेतला होता. नवरा परगावी कामाला, म्हणून ती आणि तिची सात वर्षांची मुलगी अशा दोघीच डोंगरापलीकडे चार दिवस राहायला निघाल्या होत्या.

"बाबा, टायर बघा ना पटकन. उशीर होतोय."

त्याने अंगठा दाबला. नक्षी नव्यासारखी खोल होती. हवा भरली, हातोडीने ठोकून पाहिलं. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे मात्र बाहेरून दिसेनात. ते एकाच बाजूला असतात, म्हणजे आत असणार. आत बघायचं तर जमिनीवर आडवं व्हायला हवं. कंबर कुरकुरत होती, लेक घाई करत होती.

"ठणठणीत आहेत. निघ तू," तो म्हणाला. नातीने काचेतून हात हलवला.

अर्ध्या तासाने चष्म्यासाठी त्याने खिशात हात घातला, तर हाताला व्हॉल्व्हची टोपी लागली. हवा भरताना काढलेली आणि परत लावायची राहिलेली. पिवळी.

पिवळ्या टोप्या या भागात फक्त त्याच्याच दुकानात होत्या. कधीकाळी एक खोकं घेतलं होतं, आणि ते संपून नऊ वर्षं झाली होती. म्हणजे ते टायर त्याच्याच हातचे, आणि कमीत कमी नऊ वर्षांचे. ट्रेलर वर्षातून दोनदा हलतो, एरवी उन्हात उभा असतो. नक्षी झिजत नाही, पण रबर मरत जातं. आता वर भरलेला ट्रेलर, समोर चढ आणि डोक्यावर ऊन. टायर फुटला तर ट्रेलर गाडीलाही दरीकडे ओढून नेणार होता.

तारीख आत का, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक आकडे वाचतं आणि "हा माल जुना आहे" म्हणून हुज्जत घालतं. म्हणून टायर रिमवर चढवताना तो तारीख नेहमी आतल्या बाजूला घ्यायचा. यात खोटं काही नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

त्याने फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोनला हात लावलास तर याद राख, असं त्यानेच तिला बजावलं होतं, आणि पोरगी शब्दाची पक्की.

पंधरा मिनिटांत त्याने दोन नवे टायर रिमवर चढवले, जॅक आत टाकला आणि व्हॅन पिटाळली. वाटेत कडेला फाटलेल्या काळ्या रबराचा तुकडा दिसला तेव्हा त्याने करकचून ब्रेक दाबला. उतरून त्याने तो उचलून पाहिला. जाड होता, ट्रकचा. स्वतःलाच एक शिवी हासडून तो परत व्हॅनमध्ये बसला.

चढाच्या पायथ्याशी पेट्रोलच्या लांब रांगेतून नुकताच सुटलेला ट्रेलर पंपावर कडेला उभा होता. लेक वाकून टायरला हात लावून बघत होती. चढाआधी थांबून टायर किती तापलाय ते बघायचं, हेही त्यानेच शिकवलेलं.

"बाबा? तुम्ही इथे कसे? हा डावा बघा, जास्तच तापलाय."

कंबरेचं काही न ऐकता तो ट्रेलरखाली सरकला आणि बॅटरी लावली. आतल्या अंगाला नख जाईल एवढ्या भेगा होत्या आणि लिंबाएवढा फुगा आला होता. त्याने आकडे वाचले. अकरा वर्षं.

"कुठल्या नालायकाने बसवलेत हे?" लेक चिडून म्हणाली.

गप्प राहता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

"मी," तो खालूनच म्हणाला. मग बाहेर येऊन त्याने सगळं सांगितलं, पिवळ्या टोपीपासून आतल्या तारखेपर्यंत. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती. तिने मुलीला जवळ ओढून घेतलं.

त्याने दोन्ही चाकं बदलली, नट आवळले. "आता निर्धास्त जा. गेल्याच महिन्यातला माल आहे."

लेकीने नव्या चाकाकडे पाहिलं. "तारीख कुठे आहे?"

त्यानेही पाहिलं. बाहेरच्या बाजूला आकडे नव्हते. घाईत हातांनी आपलं नेहमीचं काम चोख केलं होतं, पोटच्या पोरीसाठीसुद्धा.

"आत," तो म्हणाला. "पण खरंच नवे आहेत गं. माझ्या शब्दावर जा."

लेकीने हात पुढे केला. तिला बॅटरी हवी होती. त्याने ती दिली. ती प्रवासाच्या स्वच्छ कपड्यांनिशी तेलकट जमिनीवर आडवी झाली आणि ट्रेलरखाली गेली. आधी एका चाकाशी, मग दुसऱ्या.

"आजोबा, आई काय शोधतेय?" नातीने विचारलं.

"मी लपवलेली तारीख," तो म्हणाला.