आतल्या चाकाचा ठोका

रोज सकाळी ट्रक चालू करण्याआधी मी त्याच्याभोवती एक फेरी मारतो. देवळाला मारतात तशीच, फक्त हातात टॉमी, म्हणजे चाकं खोलायची लोखंडी कांब असते आणि तोंडात तंबाखू. ऑइलची पट्टी पुसून बघायची, रेडिएटरचं पाणी, दिवे, खाली काही गळलंय का ते वाकून बघायचं, नि कंबर धरून उठायचं. शेवटी टॉमीचा एकेक ठोका दहा चाकांवर. हवा भरलेलं चाक टणक बोलतं, बसलेलं बद्द वाजतं. मागची चाकं जोडीनं असतात. आतलं बसलं तरी बाहेरचं त्याला झाकून ताठ उभं राहतं. ते डोळ्याला दिसत नाही. हाताला कळतं म्हणतात. पण माझ्या हाताला चहाच्या आधी काहीच कळत नाही. म्हणजे उरला कान.

आणि कानच मला सोडून चालला होता. उजवा, खिडकीकडचा, दोन वर्षांपूर्वी निघाला; डावाही त्याच्या मागोमाग. घरात कुणाला पत्ता नव्हता. बायको काहीही बोलली तरी 'व्हय' म्हणायची सवय मला लग्नापासूनची. ऐकू न येणारा नवरा आणि न ऐकणारा नवरा यांतला फरक तिला कळणार कसा? मालकाला सांगावं तर नोकरी जाणार. म्हणून मी ठोके मारत राहिलो. आवाज कळत नव्हता, पण हात थांबत नव्हता.

या उन्हाळ्यात एका सकाळी गाडीत साखरेची पोती होती. आदल्या दिवशी सांगलीत भरून मी कोरेगावजवळच्या आमच्या घरी मुक्कामाला आलो होतो. पुढं लोणंदला जायचं, म्हणजे वाटेत सालप्याचा घाट. अंग आंबलेलं. ठोके उरकून वर चढलो, तर बायको येऊन दारावर थापा मारून ओरडायला लागली.

"कवाची हाका मारतीया. मागलं आतलं चाक बद्द बोललं. पुन्यांदा मारा."

खाली उतरून मारलं. "बरं हाय की."

तिनं टॉमी काढून घेतली, माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "पाठ करून हुबं ऱ्हावा." मी राहिलो. थोड्या वेळानं समोर आली.

"किती ठोकं मारलं मी?"

"दोन," मी बेतानं सांगितलं.

"एक बी न्हाई मारला."

तिचं माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढरांचं. घंटेच्या आवाजावरून कुठली मेंढी लंगडतेय हे सांगणाऱ्या बापाची ती लेक. माझे दहा ठोके ती रोज चुलीपाशी बसून ऐकत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

"कवापास्नं ऐकू येत न्हाई?"

"दोन वरसं झाली."

"आन त्या घाटातनं आसंच जात व्हता?"

"व्हय," मी म्हणालो. हा एक 'व्हय' मात्र नीट ऐकून दिलेला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता फोन पुढं केला. मालक पोरसवदा, मला काका म्हणतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते अर्थातच तिनं ऐकून माझ्या डाव्या कानात ओरडून सांगितलं, "दुसरा डायवर पाठवतायत. कान दाखवून या, मग बगू म्हनलं."

'मग बगू'चा अर्थ मला न ऐकताही कळला.

तोवर बसून काय करायचं? जॅक लावला, चाकं उतरवली. आतल्या टायरमध्ये बोटभर खिळा होता. स्टेपनी चढवेपर्यंत घाम निथळला, गुडघे बोलायला लागले. ते मात्र स्वच्छ ऐकू येतात.

दुपारी नवा ड्रायव्हर आला. तरणाताठा, कान शाबूत. चावी घेतली आणि थेट वर चढायला लागला.

"एक फेरी मार की गड्या," मी म्हणालो.

माझ्या बहिरेपणाची खबर त्याला मिळालेली असणार, कारण तो गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "तुमी बघितलंय न्हवं, काका?"

"मी बघितलंय," मी टॉमी त्याच्या हातात दिली, "म्हणूनच म्हणतोय."