रांजणाची ऊब

मल्लाप्पा निळारी रोज सकाळी तोंड धुतलं की आधी रांजण चाखायचे. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या त्या निळीच्या रांजणात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि मग ठरवायचं, आज सूत बुडवायचं की नाही. जीभ कायम निळसर. खोटं बोलायला ती वळतच नसे, आणि माझं भांडण नेमकं तिथंच आहे.

मी तेव्हा शहापुरात नवा होतो. डोक्यावर गठ्ठा घेऊन फिरता फिरता विणकरांकडून लुगडी करवून घेऊ लागलो होतो. निपाणीच्या एका कापडवाल्याने संक्रांतीसाठी वीस चंद्रकळा मागितल्या. वेळेवर दिल्या की त्याच्या दुकानाचं दार मला कायमचं उघडणार होतं. चंद्रकळेचा काळा म्हणजे निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेलं सूत; आणि नीळ नेमकी संक्रांतीआधीच्या थंडीत आळसावते.

"आप्पा, चार दिवसांत सूत हवं."

"निळीला ईचारतो की सावकार," आप्पा म्हणाले. खिशात दमडी नसलेल्या माणसाला ते मुद्दाम सावकार म्हणत.

दीड दिवस ते निळीच्या वड्या पाट्यावर वाटत बसले. नुसत्या फोडून टाका, मी म्हणालो.

"अख्खी वडी टाकली तर पंधरा दिस तशीच बसतीय. बारीक केली की चुन्याला सगळीकडनं हात घालता येतोय."

चुना पडला, गूळ पडला. पाणी मात्र बेताचं. "पाणी लई झालं की समदं एकमेकांस्नी हुडकत बसतंय." तळाशी जुना गाळ होताच, दह्याला विरजण तसा निळीला तो. मग रांजणाभोवती भुसा आणि त्यात गोवरीची मंद धग.

तिसऱ्या दिवशीही फेस नव्हता, म्हणजे रांजण अजून उठला नव्हता. आप्पा चुलतीच्या दिवसकार्याला बेळगुंदीला गेले, आणि मी दोन पाट्या पेटते कोळसे रांजणाभोवती ओतले. दुपारी वाफा निघाल्या. म्हाताऱ्याला धंदा शिकवला, असं मला वाटलं.

संध्याकाळी आप्पांनी बोट बुडवलं आणि चटका बसून मागे घेतलं. चाखलं. तिथंच खाली बसले.

"ऊब दिली की पळतंय बाबा," ते म्हणाले, "आग दिली की मरतंय."

दुसऱ्या दिवशी कापडवाल्याचा माणूस आला. त्याला थोपवायला मी दहा वायदे तयार ठेवले होते. मी तोंड उघडायच्या आत आप्पा बोलले, "सूत सक्रांतीआदी मिळायचं न्हाय. रांजण मेला."

"कुणामुळं?"

"रांजण माझा हाय."

काम दुसऱ्याला गेलं. सौदा माझा, तोडायला हे कोण? मी भर गल्लीत त्यांच्याशी भांडलो. पुढे अकरा वर्षं त्यांना सुताची एक लडी दिली नाही. तासाभरात रंग चढवणारी विलायती पूड आली, मी तिच्यावर माझं दुकान उभं केलं, आणि दिसेल त्याला सांगत राहिलो की मल्लाप्पाने मला बुडवलं.

मग त्यांनी निरोप पाठवला. अंथरुणाला खिळले होते. चुलीजवळचं एक लहान गाडगं त्यांनी बोटानं दाखवलं.

"हे न्या. पोरी लांब दिल्यात, सांभाळायला कोण न्हाय. आज्ज्यापासनं चालत आलेला गाळ हाय. त्या दिशी रांजणातला समदा गेला. एवढा चुलीपाशी ठेवलता म्हणून वाचला. त्याच्यावर रांजण उठवायला दोन वर्सं लागली."

दोन वर्षं. माझं तर एका संक्रांतीचं काम गेलं होतं.

"तेव्हाच का बोलला नाहीत?" माझा आवाज चढला.

"बोलून रांजण लौकर उठला असता व्हय?"

आठ दिवसांनी ते गेले.

माझी तक्रार अजून आहे, फक्त वेगळी. त्या संध्याकाळी त्यांनी मला शिवी दिली असती, तर मी उलट दोन दिल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. त्यांनी मला तेवढीही संधी दिली नाही.

गाडगं आता माझ्या चुलीजवळ असतं. दुकानात सगळा माल पुडीचा, तरी त्याला गूळ घालतो. थंडीत रोज सकाळी बोट बुडवून चाखतो. चव मला काही समजत नाही. थुंकतो, आणि गाडगं चुलीकडे थोडं सरकवतो. थोडंच.