जिन्यावरचं मत

वसूलकाकांचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? चपला-बुटांचं दुकान बाजाराच्या वळणावर आणि गल्ल्यामागे हे गृहस्थ, एवढी खूण गावाला पुरे होती. सिनेमा कुठलाही असो, काकांचा निकाल तयार. आवडला तर ‘पैसा वसूल’, नाही आवडला तर ‘पैसा पाण्यात’. तिसरा निकाल या कोर्टात मिळत नसे.

दर शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ बघायचा, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. अलीकडे थिएटरच्या पायऱ्यांवर माइक घेतलेली एक मुलगी उभी असायची. बाहेर पडणाऱ्यांची मतं फोनमध्ये टिपायची आणि दुपारपर्यंत ती घरोघरी पोचवायची. बाकीचे प्रेक्षक ‘छान आहे’, ‘बरा आहे’ असं पुटपुटून सटकत. काका मात्र खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवत, घसा खाकरत आणि असं काही बोलत की आजूबाजूची माणसं रिक्षा सोडून ऐकत थांबत. त्या मुलीला काका म्हणजे घबाडच होतं.

आता आतली गोष्ट. गेली दोनेक वर्षं मध्यंतरानंतर काकांचा डोळा लागत असे. गार हवा, मऊ खुर्ची, भरलेलं पोट, वर वय. माणूस किती झुंजणार? पण पायऱ्यांवर माइक वाट बघत असायचा, त्यामुळे काकांनी त्यावर तोडगा काढला होता. खेळ सुटला की ते गर्दीच्या मधोमध सावकाश जिना उतरायचे. पुढचा काय म्हणतो, मागची काय कुजबुजते, ते कानांनी गोळा करायचे आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्याचं मत शिवून तयार. आजवर एकदाही टाका उसवला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशातच तो दरोड्याचा सिनेमा आला. म्हणजे जुनाच, नव्यानं काढलेला. जुना काकांना तोंडपाठ होता. बँकेची तिजोरी, पाच चोर आणि दाराशी तोंड उघडं टाकून घोरणारा पहारेकरी. चोर त्याला ओलांडून जातात, एक जण तर त्याच्या पोटावर पिशवी ठेवतो, तरी हा ढिम्म! तरुणपणी काका त्या प्रसंगाला खुर्चीतून खाली घसरेपर्यंत हसले होते. नवा सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

“अरे, उद्या जाणार आहेस ना? मध्यंतरानंतर नीट बघ हं.”

“ताई, सिनेमा कसा बघायचा ते तू मला शिकवणार?” काका म्हणाले. ताई नुसती हसली. कुणी इतकं सांगितलं तर एखाद्याला संशय आला असता. पण ज्याला सगळंच कळतं त्याला संशय कसा येणार?

दुसऱ्या दिवशी मध्यंतर झालं, दिवे मालवले आणि काकाही मालवले. जाग आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. काका जिन्यावर आले. पुढे दोन कॉलेजातली पोरं होती. “तो पहारेकरी रे! नुसता पडून राहिलाय!” मागे एक बाई नवऱ्याला सांगत होती, “केवढा वेळ तो झोपलेलाच, बाई गं.” काकांना एवढं पुष्कळ झालं. उरलेलं त्यांनी जुन्या सिनेमातून भरून काढलं.

“काका, पहारेकऱ्याच्या सीनबद्दल सगळे बोलतायत,” मुलीनं माइक पुढे केला. “तुम्हाला कसा वाटला?”

“पहारेकरी?” कंगवा खिशात गेला. “जुन्यातला घोरायचा तर आम्ही पोट धरून हसायचो. यानं नुसता वेळ काढलाय. लाकडाचा ओंडका आणून ठेवला असता तरी चाललं असतं. अहो, झोपायला काय अभिनय लागतो? याला पैसे दिले असतील, तर माझ्या घोरण्याचं मानधन थकलंय म्हणायचं. पैसा पाण्यात!”

माणसं खो खो हसली. मुलगी इतकी हसली की फोन हलला. दुपारी काकांनी गिऱ्हाइकांना बूट दाखवायच्या आधी तो व्हिडिओ दाखवला. संध्याकाळी बायको दुकानात आली, ती बसलीच नाही.

“अहो, तो पहारेकरी कोण होता?”

“असेल कुणीतरी होतकरू.”

“भाऊजी होते.”

भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. गोदामात हिशेबनीस होते, आता निवृत्त. संध्याकाळी हौशी मंडळींच्या नाटकात जायचे. सगळ्या आयुष्यात त्यांना मिळालेली कामं म्हणजे शिपाई, टांगेवाला, निरोप्या आणि तीनदा प्रेत. घरच्या प्रत्येक लग्नात काका त्यांची ओळख करून द्यायचे, “हे आमचे भाऊजी. मेल्याशिवाय यांना स्टेजवर घेत नाहीत!” सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे, जरा उशिरा. आणि त्या माणसाला म्हातारपणी सिनेमात काम मिळालं होतं. मेहुण्याला गंमत म्हणून त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

“ताईच्या घरी सगळी बिल्डिंग जमली होती,” बायको म्हणाली. “तुमचा व्हिडिओ लावला. ताईची मुलं म्हणाली, मामा काय म्हणतात बघू. सगळ्यांदेखत लावला हो!”

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ओळखूनही भाऊजींना चव्हाट्यावर ओंडका म्हणणारा नीच माणूस, अशी आता त्यांची ख्याती झाली होती. खरं काय ते सांगावं, तर बघितलंच नाही हे कबूल करावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “झोपला होतात ना?” काका तसेच उठले आणि पुढच्या खेळाला जाऊन बसले.

या वेळी ते गालाचा आतला भाग दातांत धरून जागे राहिले. नव्या सिनेमातला पहारेकरी झोपलेला नव्हताच. खुट्ट झालं आणि त्यानं डोळे किलकिले केले. चोरांमध्ये त्याचा धाकटा भाऊ होता. त्याला ओळखलं आणि त्यानं डोळे पुन्हा मिटून घेतले. मग कितीतरी वेळ पडद्यावर नुसता भाऊजींचा चेहरा. मागे तिजोरी फुटत होती आणि हे झोपेचं सोंग घेऊन पडले होते. पापणी हलू द्यायची नाही, श्वास चुकू द्यायचा नाही. कॅमेरा पायांकडे गेला. फाटक्या बुटातून अंगठा दिसत होता आणि तो आत, आत वळत होता. जन्मभर लोकांच्या पायांशी बसलेल्या काकांनी असा पाय बघितला नव्हता. सगळ्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ते ताईकडे गेले. ताईनं पाणी दिलं, पण पेला टेबलावर आपटून, आणि आत निघून गेली. भाऊजी पंख्याची पाती पुसत होते. “या मेहुणे, या,” म्हणाले. नेहमीसारखेच म्हणाले, तेच काकांना सोसवेना.

“भाऊजी, माझं चुकलं.”

“छे हो. बाकी सगळे नातेवाईक छान छान म्हणाले. ते म्हणणारच. तुम्ही एकट्यानं तोंडदेखलं बोलला नाहीत.” भाऊजींनी फडकं पिळलं. “मला आणखी एका सिनेमात विचारलंय. आजोबांचं काम. बोलायचं काम आहे, चांगली पानभर वाक्यं. दोन दिवसांत कळवतो म्हटलंय. पण आता वाटतं, नको. लाकूड बोलायला लागलं तर लोक आणखी हसतील.”

“अहो, मी बघितलंच नव्हतं! मी झोपलो होतो! जिन्यावर लोक बोलत होते, ते ऐकून मी ठोकून दिलं.”

आतून ताई बाहेर आली. “निदान आपल्या बोलण्याला तरी जाग रे! काल सगळ्या गावासमोर बोललास, आज अंगाशी आलं म्हणून झोपलो होतो?”

“ताई, आईशप्पथ.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

भाऊजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “माझी समजूत काढू नका, मेहुणे. तुम्ही पहिला खेळ बघताना झोपाल? हे कुणाला खरं वाटेल का?” त्यांचा ‘वसूलकाका’ या नावावर इतका विश्वास होता. काकांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

ते तडक थिएटरवर गेले. मुलगी दुसऱ्याच सिनेमाच्या गर्दीत उभी होती. “काका, तो विषय आता शिळा झाला,” म्हणाली. काकांनी अक्षरशः हात जोडले. तिनं माइक धरला. केस विस्कटलेले होते, कंगवा काढायचं सुचलं नाही.

“मी काल पहारेकऱ्याला ओंडका म्हटलं. मी तो बघितला नव्हता. मी झोपलो होतो.”

गर्दीत हशा पिकला. मुलीचे डोळे लकाकले. “म्हणजे फक्त कालच झोपलात का काका?”

इथे ‘हो’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मग भाऊजी म्हणाले असते, इतकी वर्षं नाही आणि नेमके कालच?

“नाही,” काका म्हणाले. “दोन वर्षं झोपतोय. मतं जिन्यावर गोळा करतो.”

“आणि मी ती मतं ऐकून तिकिटं काढली!” मागून कुणीतरी ओरडलं. मग काय, ज्याला जे सुचेल ते. एकानं घोरण्याचा आवाज काढला. काका मान खाली घालून उभे राहिले, मुलीनं फोन खाली करेपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मनात कुठेतरी हलकं वाटत होतं. आता तरी भाऊजींना पटेल.

पटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला. भाऊजी हसत होते, खरोखरचे हसत होते. “मेहुणे, म्हणजे खरंच झोपला होतात! तुमची ताई तर काल रडेपर्यंत हसली.”

“मग ते आजोबांचं काम घ्या, भाऊजी. आजच कळवा.”

“घेतो म्हटलंय. काल तुमचा कबुलीचा व्हिडिओ बघितला आणि लगेच कळवून टाकलं.” काकांनी डोळे मिटले, जिवात जीव आला. मग आवाज खाली आणून, लाजत, भाऊजींनी विचारलं, “वहिनी सांगत होत्या, नंतर जागे राहून बघितलंत म्हणे. मेहुणे, खरं सांगा. कसं झालं होतं हो काम?”

काकांचं मन पडद्यावरच्या त्या अंगठ्याशी जाऊन थांबलं. इतकं खरं मत त्यांच्या पोटात आजवर कधी नव्हतं.

“फार सुंदर झालंय, भाऊजी. असं काम मी आजवर बघितलं नाही.”

भाऊजी समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, “बरं, बरं. असू द्या. आता तुम्ही असं म्हणणारच.”

काकांनी पुन्हा सांगितलं. भाऊजी पुन्हा “बरं” म्हणाले आणि ताईच्या हातात फोन दिला.