टाळीमावशी

टाळ्या आपोआप वाजतात असं ज्याला वाटतं, त्याने टीव्हीवरच्या दुपारच्या एखाद्या कार्यक्रमाचं शूटिंग बघावं. दीडशे माणसं खुर्च्यांत बसलेली असतात आणि पहिली टाळी कुणी वाजवायची या संकोचात एकमेकांची तोंडं बघत राहतात. म्हणून ‘जुळवाजुळव’ या शब्दकोड्यांच्या कार्यक्रमाने त्यासाठी एक बाईच पगारावर ठेवली होती. त्या पहिल्या रांगेत बसत. त्यांचे हात वाजले की मागचे सगळे वाजत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. एरवी सगळे त्यांना टाळीमावशी म्हणत.

काम दिसायला फुकटचं, पण करून बघा. टाळी लवकर पडली तर स्पर्धकाचा शब्द बुडतो, उशिरा पडली तर बिचाऱ्याचं हसू तोंडावरच वाळतं. मावशींची टाळी मात्र नेमकी पडायची, आणि त्याला कारण होतं. रोज सकाळी दिवे आणि कॅमेरे तपासायला स्पर्धकाच्या खुर्चीत कुणाला तरी बसवून त्या दिवसाचं प्रत्येक कोडं एकदा चालवून बघत. त्या खुर्चीतही मावशीच बसत. त्यामुळे दुपारी त्यांना सगळी उत्तरं ठाऊक असत. घरी सून लाडीगोडी लावायची, "आई, आज काय काय होतं हो?" मावशी म्हणायच्या, "लागेल तेव्हा बघ." त्यांच्या पोटातून शब्द काढणं सुनेला कधी जमलं नाही. नवरा गेल्यावर मावशींनी शिवणकाम केलं, पाळणाघर चालवलं. पण ‘मावशींशिवाय आमचं अडतं’ असं त्यांना पहिल्यांदा कुणी म्हटलं ते इथे. या कामाला त्या जिवापाड जपत.

त्या दिवशी स्पर्धक होते एक घड्याळजी. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, आणि बोलताना मध्येच थांबून विचार करणारे. त्यांच्या पत्नी मावशींच्या शेजारी येऊन बसल्या.

"पहिल्यांदाच आलात?" मावशींनी विचारलं.

"पहिल्यांदा आणि शेवटचं. इथे एका माणसाला एकदाच घेतात ना? आमचे हे किती वर्षं अर्ज करत होते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की कोडी, असलं तरी डोक्यात कोडी. माझा भाऊ चारचौघांत म्हणतो, दाजी, कोड्यांनी कुणाचं पोट भरलंय का? हे हसून सोडून देतात. पण त्या दिवशी धड जेवत नाहीत."

मावशींना घड्याळजी तिथल्या तिथे आवडले. घोळ झाला तो इथेच.

घड्याळजी एकेक कोडं सोडवत शेवटच्या कोड्यापर्यंत आले. ते सुटलं तर वर्षअखेरीच्या अंतिम फेरीत जागा, नाही तर गाडी इथेच थांबणार. पडद्यावर अक्षरं आली: ला, वे, ण, दि, ग. नियम असा की पाचही अक्षरं वापरून शब्द करायचा आणि पहिलं अक्षर बोटाने दाबायचं. ते चुकलं की खेळ संपला. घड्याळजी पुटपुटू लागले. ‘लागण’ जुळत होतं, पण उरलेल्या दोन अक्षरांचं काय करायचं ते सुचत नव्हतं. बोट ‘ला’वर गेलं, तिथून ‘वे’वर, आणि मग ‘दि’वर येऊन थबकलं.

आणि मावशींचे हात मांडीवरून उठून छातीपाशी आले. आवाज झाला नाही, काही नाही. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय! त्याच क्षणी घड्याळजींची नजर चष्म्यावरून समोर गेली, आणि बोट दाबलं गेलं.

"दिवेलागण!"

मावशींनी टाळी वाजवली, सभागृह दणाणलं. शेजारच्या बाई मावशींचं कोपर घट्ट धरून रडायला लागल्या. मावशी मात्र आपल्या हातांकडे बघत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मावशींची मूठ उघडली होती खरी, पण ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सगळे कॅमेरे घड्याळजींवर होते. गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्या उठल्या. "साहेब, जरा इकडे या."

दिग्दर्शक खाली आला. मावशींनी झालं ते सांगितलं.

"अहो मावशी, कुणी बघितलंसुद्धा नाही!"

"मी बघितलं ना."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि घड्याळजींना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हात दिसले खरे. बोट तिथेच होतं. पण दाबलं ते हात बघून की माझं मी, हे मलाच सांगता येत नाही. दुसरं कोडं द्या."

बाईंनी मावशींचं कोपर सोडलं. "तुमचं काय जात होतं हो गप्प बसायला?"

मावशींना फार लागलं ते. आता हा माणूस हरला, तर आपल्यामुळे हरणार. जन्मात एकदा मिळालेली खुर्ची आपण त्याच्याखालून ओढली, असं त्यांना वाटत राहिलं.

कुलूपबंद कपाटातून राखीव कोडं आलं. ते सकाळी कुणीच खेळलेलं नव्हतं. टो, ख, प, टा. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. ‘टोप’ होतोय. मग ‘खटा’चं काय? की ‘पटा’? काही केल्या जमेना. उत्तर ठाऊक नसताना त्या खुर्चीकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. घड्याळजींचं बोट ‘टो’कडे निघालं. थांबा म्हणावं की दाबा म्हणावं, मावशींनाच कळेना. बोट अर्ध्यावर थांबलं, मागे आलं आणि ‘ख’वर टेकलं. मग टा. मग टो. मग प.

"खटाटोप!"

हिरवा दिवा लागला, आणि सभागृहात चिडीचूप. दीडशे माणसं मावशींच्या हातांकडे बघत होती, आणि मावशी दोन्ही हात तोंडावर धरून नुसत्या बसल्या होत्या. डोळे भरून आले होते. "मावशी, टाळी!" दिग्दर्शक ओरडला, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी शेजारच्या बाईच उभ्या राहिल्या. "जिंकले हो, माझे हे जिंकले!" म्हणत त्यांनी एकटीने टाळ्या पिटल्या, तेव्हा कुठे मागच्यांना धीर आला.

सभागृह रिकामं झाल्यावर दिग्दर्शक मावशींपाशी आला. आता ऐकून घ्यायचंय, हे मावशींनी ओळखलं आणि त्याच आधी बोलल्या.

"टाळी चुकली, साहेब. दोनदा चुकली. पण उद्यापासून सकाळच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला तरी बसवा."

"अहो, तुमचा निम्मा पगार जाईल त्यात."

"जाऊ दे."

"आणि उत्तर ठाऊक नसलं तर टाळी रोज उशिरा पडेल, त्याचं काय?"

"पडेल," मावशी म्हणाल्या. "पण आज घड्याळजी जिंकले ना, तेव्हा मला खरंच आनंद झाला. इतकी वर्षं इथे बसून टाळ्या वाजवतेय, साहेब, एकदाही झाला नव्हता."